भीतीचा तास

घरी खाकी लिफाफा आला की मी तो अजूनही लगेच फोडत नाही. आधी टेबलावर ठेवते, पाणी पिते, चष्मा शोधायचं निमित्त काढते. आत बहुतेक वेळा विजेचं बिल असतं, नाहीतर हयातीच्या दाखल्याची आठवण. पण फोडताना माझ्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप मुठीत जातो. परवा नातीनं हे पकडलं. "आजी, तू असा अंगठा का लपवतेस?"

"ही माझी सवय नाही," मी म्हटलं. "आमच्या नाटकाच्या माटसाबांची आहे."

उज्जैनला मास्तरांना मास्तर म्हणायची पद्धत नव्हती. मराठी घरांतली मुलंसुद्धा शाळेच्या फाटकात शिरली की माटसाबच म्हणायची. आमच्या सरकारी हायस्कुलात माटसाब पुष्कळ होते, पण नुसतं 'माटसाब' म्हटलं की दिगंबर दप्तरदार. बुटके, गव्हाळ, बारा महिने काळा कोट. कोटाचं मधलं बटण नव्हतं आणि ते कुणी लावून द्यायला गेलं तर म्हणायचे, "राहू दे. लोक तिथे बघतात, तेवढा वेळ मला तोंड सावरायला मिळतो." वर्गात ते कधी सरळ शिरले नाहीत. आधी दाराच्या कडेनं अर्धं डोकं आत यायचं, सगळीकडे नजर फिरायची, मग उरलेले माटसाब यायचे. विंगेतून प्रवेश करण्याआधी समोर कोण बसलंय ते बघून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तेव्हा ती गंमत वाटायची.

हायस्कुलात नाटकाचा मास्तर असतो हे तुम्ही कुठे ऐकलं नसेल. आम्हीही दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं. संस्थानच्या काळात कुणा हौशी अधिकाऱ्यानं ही जागा निर्माण केली आणि त्याच्यामागून ती काढून टाकायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. संस्थान गेलं, मध्यभारत आला, तरी दर महिन्याच्या हजेरीपटात 'नाट्य शिक्षक' ही ओळ तशीच उतरत राहिली. म्हणजे माटसाबांची सगळी नोकरी सरकारच्या विसराळूपणावर चालली होती. आणि हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांना चारचौघांत उभं राहायला शिकवणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाच्या डोळ्यांत यायला नको म्हणून धडपडत असे.

त्यांचा तास शनिवारी, शेवटचे दोन. नववीतला पहिला शनिवार मी विसरणार नाही. बाकं भिंतीला लावली, आम्हाला जमिनीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. वर्गात आम्ही पाचच मुली, एकमेकींचे हात धरून बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग आमच्या पाठीमागे फरशीवर पितळी परात आदळली.

आम्ही किंचाळलो. त्याहून मोठ्यानं माटसाब ओरडले, "हलायचं नाही! जसे आहात तसेच!"

मग ते एकेकाभोवती फिरले, वैद्यानं नाडी बघावी तसे. "शरद, तुझी भीती मानेत बसते. कुसुम, तुझी दातांत. जबडा सोड आता, दुखेल. आणि लीलाबाई, तुमची कुठेय?"

मला ते थट्टेनं 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत. मी रडवेल्या आवाजात सांगितलं, "पोटात."

"वा. पोटातली भीती टिकाऊ असते. जपून ठेवा."

या तासाला आम्ही भीतीचा तास म्हणू लागलो. त्यानंतर प्रत्येकानं एक वही घालायची. घरातल्या, गल्लीतल्या कुणाचीही भीती आठवडाभर न्याहाळायची आणि ती अंगात कुठे बसते ते लिहायचं. नाव लिहायचं नाही. मी लिहिलं, 'एक गृहस्थ कानांत घाबरतात. सायकलची घंटी वाजली की जेवताना घास तसाच हातात राहतो.' हे माझे बाबा. शिक्षण कचेरीत कारकून होते, आणि कचेरीचा शिपाई बोलावणं घेऊन सायकलवरून येई. माटसाबांनी समासात लाल शाईनं लिहिलं, 'चांगलं बघितलंत. पण घास खाली ठेवल्यावर ते काय बोलतात तेही बघा. नटानं भीती दाखवायची नसते, लपवायची असते. लपवताना जी उरते तेवढीच प्रेक्षकाला दिसते.'

"माटसाब, तुमची भीती कुठे बसते?" शरदनं एकदा विचारलंच.

"मी सरकारी नोकर. माझी फायलीत बसते."

ती खरी कुठे बसते ते कुसुमनं शोधून काढलं. शिपाई मांगीलाल हेडमास्तरांचं रजिस्टर घेऊन दारात आला की माटसाब छान हसून त्याच्याशी बोलत, आवाज जराही बदलत नसे. डावा हात मात्र पाठीमागे जाई आणि अंगठा चार बोटांच्या आत दडून बसे. आम्ही बसलेलो त्यांच्या पाठीकडे. रजिस्टरात सही होऊन मांगीलाल गेला की अंगठा बाहेर येई.

भीतीच्या वहीनंतर मोठं काम असे एका माणसाचं. महिनाभर एक अनोळखी माणूस बघायचा आणि महिनाअखेर वर्गात तो होऊन दाखवायचा. कुसुमनं रामघाटावरची फुलं विकणारी म्हातारी घेतली. मी टपाल कचेरीतला मनीऑर्डरवाला घेतला, कारण तो जाळीआड असे आणि मला त्याच्याजवळ जावं लागत नसे. शरदनं देवास गेटच्या बसस्टँडवरचा तिकीटबाबू घेतला. तिसऱ्याच दिवशी बाबूनं त्याची कॉलर धरली. खिसेकापू म्हणून गर्दी जमली. कुणीतरी धावत शाळेत आलं.

माटसाब डोक्यावर टोपी न घालता धावले, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही.

"माटसाब, ये छोरा तीन दिन से मेरे को घूर रिया है," बाबू म्हणाला. "पूछो इससे, क्या उठाने आया था?"

"कुछ उठाया है इसने, बाबूजी. आपको उठाया है," माटसाब म्हणाले आणि शरदकडे वळले. "कर. इथेच कर."

शरदची मान खांद्यांत गेली होती. पण त्यानं केलं. पेन्सिल कानामागे खोचली, तिकिटं थुंकी लावून मोजली, गिऱ्हाईकाकडे न बघता 'छुट्टा नी है, छुट्टा नी है' म्हणत डाव्या बाजूला पानाची पिचकारी टाकली. गर्दी खो खो हसली. बाबू आधी लाल झाला, मग त्यानं हळूच विचारलं, "अरे, मैं इधर थूकता हूँ क्या?" गर्दी एकसुरात म्हणाली, "हाँ!" तोही हसू लागला आणि त्यानं आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

माटसाबांनी मात्र चहा एकाच हातानं घेतला, डावा पाठीमागेच होता. परत जाताना ते म्हणाले, "उद्या हा बाबू शाळेत आला असता आणि हे पोराला कुठल्या विषयात शिकवतात असं विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं रे?"



त्यांना इतकं भ्यायला झालं होतं तरी काय, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळायचं. रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्या. त्यात ते आणि त्यांची थोरली बहीण. अक्कांची दृष्टी लहानपणीच देवीत गेली होती. आई गेल्यावर माटसाबांना त्यांनीच वाढवलं. अक्कांचं सगळं जग पावलांत मोजलेलं होतं. चूल ते पाण्याचा माठ चार, दार ते गल्लीचं वळण एकवीस, वळण ते घाटाची पहिली पायरी एकशे नऊ. रोज पहाटे त्या काठीशिवाय, कुणाचा हात न धरता क्षिप्रेवर जात आणि भरलेला तांब्या घेऊन परत येत. माटसाबांनी लग्न केलं नाही. बदली होऊ नये म्हणून त्यांनी बढतीसुद्धा दोनदा नाकारली. नव्या गावात अक्का पुन्हा लहान मूल होतील, हीच त्यांची एकुलती एक भीती. ती त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही, पण आम्ही त्यांच्याच हाताखाली बघायला शिकलो होतो.

प्रत्येक नाटकाची शेवटची तालीम अक्कांसमोर होई. अक्का भिंतीला टेकून सुपारी कातरत बसत. वाक्य खरं वाटलं की अडकित्ता आपला शांतपणे चालू राही. खोटं वाटलं की त्या सुपारी बाजूला काढत आणि रिकामा अडकित्ता वाजवत. खट्. तो वाजला की वाक्य पुन्हा म्हणायचं, असा नियम होता. मोठमोठ्यानं रडून दाखवणाऱ्या मुलाला त्यांनी एकदा अकरा वेळा खट् केलं. शेवटी तो दमून हळूच म्हणाला, "आई, मी जातो," आणि अक्का पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

"दिसायला सगळेच रडतात," अक्का म्हणाल्या. "मला दिसत नाही, तेव्हा मला फसवायला मेहनत लागते."

खुद्द माटसाबांनाही सूट नव्हती. वाक्य कसं म्हणायचं ते दाखवताना त्यांनी जरा नाटकीपणा केला की खट्. मग ते कान पकडून पुन्हा म्हणायचे.

मी दहावीत होते त्या वर्षी मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ. चार ठिकाणचे नोकर एका राज्यात आले आणि सगळ्यांची मिळून एक यादी होणार होती. आमच्या माधव नगरातल्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून माणसं दबक्या आवाजात विचारायची, "तुमचं नाव कुठे लागणार म्हणतात?" कुणाला बस्तर ऐकू यायचं, कुणाला सरगुजा. ज्यांनी आयुष्यात देवासच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ते शाळेचा नकाशा मागून घेऊन बघायचे. मराठीचे वर्ग बंद होणार, अशी हूल तर दर आठवड्याला उठे. बाबा फायली घरी आणून कंदिलाशी बसायचे आणि आईला सांगायचे, "ज्या जागा बाकी कुठे नाहीत, त्या जागा जाणार. असं बोलतात." मी शेजारी बसून अभ्यास करत होते. माझी पोटातली भीती हे सगळं टिपून ठेवत होती.

माटसाबांनी त्या वर्षी नाटक करायचंच नाही असं ठरवलं होतं. पण शाळेचं संमेलन जवळ आलं आणि त्यांना राहवेना. नाटक त्यांनीच लिहिलं. एका राज्यात रोज सकाळी नवा हुकूम येतो आणि संध्याकाळी तो बदलतो, अशी गोष्ट. शेवटच्या अंकात येणारा हुकूम तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

"कागद पिवळा, चहात बुडवलेला. भाषा राजाची, लाखेची मोहोर," माटसाबांनी बजावलं. "आजचं त्यात काही नको."

पण सामान बनवण्याबाबत त्यांचाच दुसरा एक नियम होता, पहिल्या रांगेतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. मी हा नियम धरला आणि आधीचं बजावणं सोडून दिलं. पंधरा वर्षांची पोर, मला त्यांची शाबासकी हवी होती. बाबांनी आणलेल्या फायलीवर नव्या राज्याचा छापील मथळा होता, तो मी बोरूनं हुबेहूब उतरवला. बटाटा कोरून शिक्का केला आणि बाबांच्या डबीतल्या जांभळ्या शाईत बुडवला. मजकूर बाबांच्या कचेरीतल्या वळणात लिहिला. तेच अक्षर त्यांनी मला हात धरून शिकवलं होतं. आणि हुकमात काय लिहावं? सगळ्यांत खरं काय वाटेल? जे रोज रात्री कानावर पडत होतं तेच मी लिहिलं, 'जो पद अन्यत्र कहीं नहीं हैं, वे आगामी सत्र से समाप्त किए जाते हैं. मराठी कक्षाएँ बन्द की जाती हैं.'

शुक्रवारी सकाळी मी तो कागद घेऊन गेले, तर माटसाब रजेवर. अक्कांना ताप होता. मास्तरांच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांच्या टेबलावर कागद ठेवला, उडू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि मोठ्या तोऱ्यात वर्गात गेले.

मग मांगीलाल झाडायला आला. त्याला वाचता येत नव्हतं. शिक्का ओळखता येत होता. शिक्का असलेला प्रत्येक कागद तो आजवर जिथे लावत आला होता, तिथेच त्यानं हाही लावला. बाहेरच्या सूचनाफळ्यावर.

दुसऱ्या तासाला बाहेर गलका झाला म्हणून आम्ही धावलो. फळ्यापुढे शाळेतले बाकीचे सगळे माटसाब उभे होते. गणिताच्या माटसाबांनी भिंत धरली होती. मी कुसुमच्या खांद्यावरून बघितलं आणि मला माझाच 'स' दिसला.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. 'हा नाटकातला कागद आहे.' एवढंच. सगळे हसले असते, फार तर मला दोन छड्या बसल्या असत्या. पण मी ते म्हटलं नाही, कुसुमच्या पाठीआड सरले. मी आजही त्या फळ्यापुढे उभी राहते आणि आजही मला ते वाक्य म्हणता येत नाही.

खोटा कागद कुणी खरा मानेल का, असं तुम्ही विचाराल. पण सगळे त्याचीच वाट बघत होते. तो आला तेव्हा कुणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तिथल्या तिथे भोपाळला अर्ज लिहिला की हुकमाचा फेरविचार व्हावा, विशेषतः आमचे नाट्य शिक्षक श्री. दप्तरदार यांची जागा साऱ्या प्रदेशात एकमेव आहे, ती कृपया तोडू नये. दुपारच्या टपालानं अर्ज गेलाही. ज्या ओळीवर इतकी वर्षं कुणाची नजर पडली नव्हती, तिच्याखाली हेडमास्तरांनी आपल्या हातानं रेघ मारून दिली.

त्या संध्याकाळी माधव नगरात माळ्यांवरून ट्रंका खाली आल्या. आईनं पितळी भांडी पुसून ओळीनं मांडली. बाबा ओसरीत बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय आदेश शाळेत आला कसा? म्हणजे मलाही यातून काढलंय." सायकलची घंटी वाजली की त्यांची मान ताठ व्हायची. मी जेवले नाही. आईला वाटलं, उज्जैन सुटणार म्हणून पोर हिरमुसली.

शनिवारी सकाळी माटसाब आले. नेहमीसारखं अर्धं डोकं, मग सगळे. फळ्यापुढे उभे राहिले, वाचलं, आणि वळून गर्दीत मला शोधलं. व्हरांड्याच्या टोकाला नेऊन त्यांनी विचारलं, "शिक्का कशाचा?"

"बटाट्याचा."

"अर्ज गेला?"

"काल दुपारी."

त्यांनी व्हरांड्यात जवळपास कुणी नाही ना ते बघितलं. मग 'बाई' आणि 'तुम्ही' दोन्ही गळून पडलं. "अक्षर कुणाचं गिरवलंस ते मला दिसतंय. तुझे वडील कुठल्या कचेरीत आहेत तेही मला माहीत आहे. आता तू काही बोलायचं नाहीस. ही तुझी भूमिका नाही."

"पण माटसाब, मी..."

"एकाच्या वाक्यात दुसऱ्यानं तोंड घातलं की काय होतं?"

"नाटक पडतं."

"हं. जा वर्गात."

त्यांनी स्वतः कागद काढला आणि हेडमास्तरांना सांगितलं की हे माझ्या नाटकाचं सामान, चुकून लागलं. हेडमास्तरांनी घाईनं दुसरं पत्र पाठवलं. त्यानं उलट जास्तच बिघडलं. आता प्रश्न फेरविचाराचा राहिला नाही, नव्या राज्याचा शिक्का कुणी उठवला याचा झाला. तीन आठवड्यांनी भोपाळहून एक साहेब आले. त्या तीन आठवड्यांत तपासायला घेतलेली माझी भीतीची वही माटसाबांनी परत दिली नाही.

साहेब सडपातळ, मृदू बोलणारे. ओरडणारे असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि माटसाबांना समोर उभं केलं. आम्ही नाटकातली मुलं भिंतीला लागून, माटसाबांच्या पाठीमागे.

"बच्चों से एक-एक पंक्ति लिखवा लेते हैं," साहेब म्हणाले. "लिखावट मिल जाएगी."

 शरदनं माझा कोपर धरला.

"उसकी ज़रूरत नहीं, साहब," माटसाब म्हणाले. आवाज शनिवारच्या तासाचा, तसाच खणखणीत. "यह मैंने लिखा है."

"तो लिखकर दिखाइए."

माटसाबांचं अक्षर आम्हाला पाठ होतं. तिरपं, कोंबडीचे पाय. ते वाकले, टाक घेतला आणि लिहू लागले. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. अक्षर मिळालं होतं. माझा 'स', माझी रेघ, बाबांनी शिकवलेला 'त्र'. अक्कांनी मला नंतर सांगितलं, "तीन आठवडे रोज संध्याकाळी टाक कुरकुरत होता. मी विचारलं काय लिहितोस, तर म्हणाला, एक नवी भूमिका बसवतोय."

समोरून बघणाऱ्या साहेबांना एक निर्धास्त मास्तर दिसत होता. मला दिसत होता फक्त त्यांचा डावा हात. अंगठा मुठीत इतका घट्ट होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आपका पद?" साहेबांनी विचारलं.

"नाट्य शिक्षक."

साहेबांनी यादी उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. "यह कौन-सा पद है?"

 बसस्टँडवरून परतताना त्यांनी स्वतःच आम्हाला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता.

पोलिसांत काही गेलं नाही, साहेब खरोखर सज्जन होते. बाबांचं नाव कुठेच आलं नाही. संमेलनात नाटक झालं नाही. मराठीचे वर्ग पुढेही चालू राहिले, माधव नगरातल्या ट्रंका पुन्हा माळ्यावर गेल्या, आणि मे महिन्यात फक्त एक हुकूम आला. नाट्य शिक्षकाची जागा रद्द, श्री. दप्तरदार यांना सहायक शिक्षक म्हणून शहडोल. मी लिहिलेला हुकूम एकट्या त्यांच्यापुरता खरा झाला.

ते निघाले त्या सकाळी आम्ही तिघं देवास गेटला गेलो, शरद, कुसुम आणि मी. आधी बसनं भोपाळ, पुढे आगगाडी. सामान थोडंच होतं. तिकीटबाबू तोच. त्यानं पुढची सीट रिकामी करवली आणि म्हणाला, "माताजी को इधर बिठाओ." आज त्यानं पिचकारी उजव्या बाजूला टाकली, हे शरदनं मला दाखवलं. अक्का बसच्या दांड्याला धरून चढल्या. "तीन पायऱ्या," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग त्यांचा हात सीटवर, खिडकीच्या गजांवर, समोरच्या पत्र्यावर फिरत राहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

माटसाबांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि कोटातून कागद काढला. खरा हुकूम.

"बघा लीलाबाई. अक्षर बरं नाही. शिक्का अर्धाच उठलाय. तुमचा किती तरी चांगला होता. पहिल्या रांगेतल्या माणसाला वाचता आला."

मी तिथेच रडू लागले. "माटसाब, मी अजून सांगते. आत्ता जाऊन हेडमास्तरांना सांगते."

"मग तुझ्या वडिलांना कुठे पाठवतील? वेडी आहेस." त्यांनी हुकमाची घडी घालून खिशात ठेवली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. "डोळे पूस. शहडोल काही वाईट गाव नाही. आम्हा दोघांना कसलीही भीती वाटत नाही."

आतून आवाज आला, खट्.

माटसाबांनी वळून अक्कांकडे बघितलं. अक्कांच्या मांडीवर रुमालात सुपारी होती आणि हातात रिकामा अडकित्ता. माटसाबांनी अगदी तालमीतल्यासारखे दोन्ही कान धरले. मग खिडकीच्या गजांना तोंड लावून ते हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "भीती वाटते गं, लीला. फार वाटते."

आतून सुपारी कातरल्याचा आवाज आला आणि बस सुटली.